घरच्या बिअरला दर वेळी दवाखान्याचा वास येतोय? आधी नळ तपासा

लक्षण आधी सांगते, म्हणजे ही पोस्ट तुमच्या कामाची आहे की नाही ते लगेच कळेल. बिअर नीट आंबते. हायड्रोमीटरचा, म्हणजे साखर किती उरली ते दाखवणाऱ्या तरंगत्या नळीचा, आकडा उतरायचा तिथपर्यंत उतरतो. रंग छान, फेस छान. पण पेला नाकाशी नेला की जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा वास येतो, डेटॉलने पुसलेल्या फरशीचा, लहानपणी गुडघा फुटल्यावर ज्या दवाखान्यात ओढत नेलं होतं तिथला. घोट गिळल्यावर तो घशाच्या मागे रेंगाळतो. आणि हे एकदाच होऊन थांबत नाही, दर घाण्याला होतं. (बॅचला मी घाणाच म्हणते. चकल्यांचा असतो, तसा बिअरचा.)

माझे ओळीने चार घाणे असे गेले, प्रत्येकी १९ लिटर. पहिला मी आणि नवऱ्याने कौतुकाने प्यायला. 'घरगुती आहे, थोडी वेगळी लागणारच' असं एकमेकांना समजावत. दुसरा पाहुण्यांना दिला, तेव्हा एकाने पेला अर्धा ठेवून विषय बदलला. तिसरा आणि चौथा सिंकमध्ये गेला.

मी फ्रीमाँटला राहते, कॅलिफोर्नियात. इथे हे घरी करणं कायद्याने चालतं, म्हणून करते. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला मोकळीक मिळाली, घरची बिअर मात्र राहूनच गेली. ती सूट १९७८ साली मिळाली. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन, तेही कॅलिफोर्नियाचेच, त्यांनी ती दुरुस्ती पुढे नेली आणि अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली. घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन (एक गॅलन म्हणजे साधारण ३.८ लिटर), दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू, म्हणजे बिअरसुद्धा, घरी बनवणं गुन्हा आहे. तेव्हा पुण्या-नाशिकच्या मंडळींनी हे वाचावं, करू नये.

मी काय करत होते

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांच्यासाठी कृती थोडक्यात सांगते, कारण घोळ कुठे झाला ते त्याशिवाय कळणार नाही.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणीला मोड आणतो, त्यातलीच युक्ती. धान्याला मोड आले की पिठाची साखर करणारी द्रव्यं त्यात तयार होतात. अनुभवी लोक हा माल्ट भरडून गरम पाण्यात भिजवतात आणि त्याचं गोड पाणी काढतात. नवशिके त्याऐवजी माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापरतात. हेच गोड पाणी आटवून केलेली पिवळसर भुकटी. हवा लागली की ती गुळासारखी चिकटते, उकळत्या पातेल्यावर पाकीट धरून ओतायला जाल तर वाफेने पाकिटाच्या तोंडालाच तिचा दगड होतो. आधी कोरड्या पातेल्यात काढून घ्या आणि आच बंद करून एकदम घाला.

माझं माप असं: २.७ किलो भुकटी, तासभर उकळी, त्यात कॅस्केड जातीचे हॉप्स (एका वेलीची कडवट, वासाची फुलं), काही सुरुवातीला कडवटपणासाठी आणि काही शेवटी वासासाठी. मग गार करायचं आणि यीस्ट घालायचं. कोरड्या एल यीस्टचं (एल हा बिअरचा एक प्रकार) ११.५ ग्रॅमचं एक पाकीट १९ लिटरला पुरतं. १८ ते २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे. हायड्रोमीटरचा सुरुवातीचा आकडा १.०५३, शेवटी १.०१२ च्या आसपास, म्हणजे साधारण ५.४ टक्के मद्यार्क. शेवटी सुमारे ११५ ग्रॅम मक्याची साखर घालून बाटल्यांत भरायचं आणि खोलीच्या तापमानाला आणखी दोन आठवडे ठेवायचं, म्हणजे बाटलीतच फेस तयार होतो.

आता ज्या वाक्यात चोर लपला होता ते वाक्य. माझं पातेलं मोठं नाही. म्हणून मी १० लिटर उकळायचे आणि उरलेलं ९ लिटर पाणी नंतर वरून घालायचे. नळाचं.

सुरुवातीच्या बहुतेक सगळ्या किटांच्या कृतीत असंच असतं आणि त्यात तत्त्वतः काही चूक नाही. शिवाय मी स्वतःला शहाणी समजत होते, कारण ते पाणी मी आदल्या रात्री भरून उघडं ठेवायचे. हे माहेरचं. पावसाळ्यात नळाला टीसीएल पावडरचा, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचा, वास मारायला लागला की आई रात्री हंडा भरून उघडा ठेवायची, सकाळपर्यंत वास गेलेला असायचा. इथेही तेच केलं आणि पाण्यावर संशय घ्यायचं कारणच उरलं नाही.

जितकी स्वच्छता, तितका वास

बिअर बिघडली म्हणून कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: स्वच्छता कमी पडली. ते बहुतेक वेळा खरंही असतं. म्हणून दुसऱ्या घाण्याला मी बादली, नळी, चमचा, बाटल्या, सगळं ब्लीचच्या पाण्यात बुडवलं आणि नळाखाली धुतलं. वास वाढला. तिसऱ्याला ब्लीच वाढवलं, अर्धा तास जास्त बुडवून ठेवलं. वास आणखी वाढला. इतकं घासूनही जंतू मरत नाहीत म्हणजे काय, असं म्हणत चौथ्या घाण्याला मी नवी बादली आणली आणि तीही ब्लीचमध्ये टाकली. दुखणं क्लोरीनचं आणि औषधही क्लोरीनच, असं चाललं होतं.

हा वास मुळात जंतूंचा नाहीच. माल्टमध्ये, विशेषतः जवाच्या सालीत, फिनॉल जातीची द्रव्यं नैसर्गिकच असतात. हॉप्समधूनही थोडी येतात, काही यीस्टही तयार करतं. त्यांना पाण्यातला किंवा ब्लीचमधला क्लोरीन भेटला की क्लोरोफिनॉल तयार होतात. दवाखान्यातल्या कितीतरी जंतुनाशकांचं घराणं हेच, म्हणून वास ओळखीचा वाटतो. आणि माणसाचं नाक या बाबतीत फार तिखट. अब्ज भागांत मोजके काही भाग असले तरी कळतं. त्यामुळे 'बादली धुतल्यावर राहिलेल्या दोन थेंबांनी काय होतंय' हा हिशेब इथे चालत नाही.

बाबांची ओटी

त्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेत, हयात जलशुद्धीकरण केंद्रावर गेली. ते स्वतः पीत नाहीत, पण मी चौथा घाणा ओतत होते तेव्हा ते स्वयंपाकघरात आले आणि दारातूनच म्हणाले, "हा क्लोरीनचा प्रकार आहे गं. सगळं पाणी उकळतेस का?"

"निम्मं. बाकीचं आदल्या रात्री भरून ठेवते. आईसारखं."

"मग वास जायला हवा होता." थोडा वेळ गेला. "इथे नुसता क्लोरीन नसेल टाकत. अमोनिया घालत असतील बरोबर. तो नाही उडून जात."

दुसऱ्या दिवशी जलतरण तलावाचं सामान मिळतं त्या दुकानात आम्ही गेलो. तिथे पाणी तपासायचा एक स्वस्त संच असतो: छोटी नळी, थेंब टाकायची बाटली, बाजूला पिवळ्या छटांची पट्टी. बाबांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि एकदम खूश झाले. ऑर्थोटोलिडीन. "अगं, ही तर आपली ओटी टेस्ट!" ग्रामपंचायतीचा शिपाई सकाळी नळावर जी करतो तीच. पाण्यात क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं.

घरी येऊन त्यांनी नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. मोकळा क्लोरीन असेल तर थेंब पडताक्षणी पिवळं होतं, म्हणाले. इथे आधी नुसती झाक आली. मग हळूहळू, आम्ही बघत असताना, रंग गडद होत गेला. नंतर रात्रभर उघड्या ठेवलेल्या पातेल्यातलं पाणी घेतलं. तेही तसंच, जवळजवळ तितकंच पिवळं झालं. माझी हंड्याची युक्ती इथे निकामी होती हे त्या नळीत दिसलं. (तपासलेलं पाणी मोरीत ओता, ते औषध पोटात जाण्यासारखं नाही.)

खात्रीसाठी मत्स्यालयाच्या दुकानातून दोन रकाने असलेल्या पट्ट्या आणल्या: एक रकाना मोकळ्या क्लोरीनचा, एक एकूण क्लोरीनचा. मोकळा जवळजवळ शून्य, एकूण लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे क्लोरामाइन. तुम्हीही एवढंच करा. पट्टी बुडवायची आणि मिनिटभर थांबायचं.

क्लोरामाइन म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांची जोडी. मैलोगणती पाइपांतून जाताना नुसता क्लोरीन वाटेत संपतो, ही जोडी टिकते. शिवाय क्लोरीनमुळे पाण्यात जे काही नकोसे उपपदार्थ तयार होतात ते हिच्याने कमी होतात. म्हणून अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी ती धरली. सॅन फ्रान्सिस्कोने २००४ साली बदल केला, बॉस्टन परिसरातही हीच पद्धत आहे. पिण्यात अपाय नाही. इथली कायद्याची मर्यादा लिटरला ४ मिलिग्रॅम आहे आणि आमचं पाणी त्याच्या बरंच खाली आहे. मासे मात्र यात मरतात आणि डायलिसिसच्या पाण्यातून ती काढावीच लागते. म्हणूनच तुमच्या भागात क्लोरामाइन असेल तर पाणीवाल्यांच्या वार्षिक अहवालात मासे पाळणाऱ्यांसाठी सूचना सापडते. अहवालातलं बाकी काही कळलं नाही तरी ती ओळ शोधा.

'पण मी तर सगळं पाणी उकळते' असं कुणी म्हणेल. मोकळा क्लोरीन उकळीत काही मिनिटांत जातो. क्लोरामाइन फार सावकाश जातं, आणि तोवर तुम्ही माल्ट घातलेला असतो. पातेल्यातच दोघांची गाठ पडलेली असते.

चार बरण्यांचा निकाल

बाबांचं म्हणणं पटलं होतं, पण माझ्याकडे आता दोन संशयित होते: पाणी आणि ब्लीच. दोन्ही एकदम बदलले असते तर बिअर सुधारली असती आणि नेमकं कशामुळे ते कधीच कळलं नसतं. म्हणून सफरचंदाच्या रसाच्या गॅलनच्या चार काचेच्या बरण्या जमवल्या. (रस पिऊन पिऊन घरात सगळे कंटाळले.)

प्रत्येक बरणीत साडेतीन लिटर. प्रत्येकी ४५० ग्रॅम भुकटी, ५ ग्रॅम कॅस्केड, वीस मिनिटं उकळी, सगळ्यांचा आकडा १.०४७. यीस्टचं एकच पाकीट मसाल्याच्या काट्यावर चार भागांत वाटलं. चारही बरण्या एकाच कपाटात. फरक इतकाच: पहिलीत रात्रभर ठेवलेलं नळाचं पाणी. दुसरीत तेच पाणी, पण कॅम्पडेन गोळीचा (क्लोरीन घालवणारी गोळी, तिच्याबद्दल पुढे सांगते) चुरा घालून. तिसरीत दुकानाबाहेरच्या यंत्रातून आणलेलं आरओचं पाणी. या तिन्ही बरण्या स्टार सॅन या न धुता चालणाऱ्या जंतुनाशकाने निर्जंतुक केलेल्या. चौथीत आरओचंच पाणी, पण बरणी माझ्या जुन्या पद्धतीने ब्लीचमध्ये बुडवून नळाखाली धुतलेली.

बारा दिवसांनी चाखलं. नवऱ्याला काही सांगितलं नाही, तीन-तीन पेले समोर ठेवले, दोन एका बरणीतले आणि एक दुसरीतला. वेगळा कोणता ते ओळख. दुसरी आणि तिसरी त्याला वेगळी ओळखता येईना. पहिली मात्र त्याने वासावरच बाजूला काढली. चौथीच्या पेल्याला तर तोंडही लावलं नाही. "हा तोच," म्हणाला.

म्हणजे दोन्ही संशयित दोषी, आणि ब्लीच जास्त. तुमच्याकडे चार बरण्या जमवायचा उत्साह नसेल तर दोन करा: एक नेहमीसारखी, एक पूर्ण आरओच्या पाण्याची. दोन्हींना वास आला तर पाणी सोडा आणि भांडी-बाटल्यांकडे वळा.

उपाय, आणि त्यातली एक खोच

कॅम्पडेन गोळी म्हणजे पोटॅशियम किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट. बिअरचं सामान मिळतं तिथे शंभर गोळ्यांची डबी मिळते आणि वर्षानुवर्षं संपत नाही, कारण एका गोळीत साधारण ७५ लिटर पाणी साफ होतं. १९ लिटरला पाव गोळी. दोन चमच्यांमध्ये दाबून चुरा करा, पाण्यात घाला, ढवळा. दोन-तीन मिनिटांत काम होतं, मी दहा मिनिटं थांबते. मग ओटी करून बघा, पाणी पिवळं होत नाही. हे पाहायला मला अजून मजा येते.

गोळी सगळ्या पाण्यात घाला. उकळायच्या पाण्यात तर हवीच, पण वरून घालायच्या पाण्यात, यीस्ट भिजवायच्या वाटीत आणि साखर विरघळवायच्या कपभर पाण्यातही साफ केलेलंच पाणी हवं. मी आदल्या संध्याकाळी सगळं पाणी एकदम साफ करून झाकून ठेवते, दुसऱ्या दिवशी नळाला हातच लावायचा नाही.

खोच अशी की डबीवर बहुधा वाइनचं प्रमाण छापलेलं असतं: गॅलनला एक गोळी. ते जंगली यीस्ट दाबण्यासाठी असतं. ते वाचून १९ लिटरला पाच गोळ्या घातल्या तर तुमचं स्वतःचं यीस्टही गुदमरतं आणि आंबणं लांबतं, वर विझलेल्या काडीसारखा गंधकाचा वास येतो तो वेगळाच. पाव म्हणजे पाव. गोळी नीट तुटली नाही आणि अर्धी पडली तर बिघडत नाही. घरात कुणाला सल्फाइटचा त्रास होत असेल, दम्याच्या काही लोकांना होतो, तर गोळीच्या वाटेला न जाता आरओचं पाणी आणा.

एक्स्ट्रॅक्टच्या बिअरला आरओचं पाणी एकदम चालतं, कारण क्षार भुकटीतच असतात. पुढे अख्ख्या माल्टपासून करायला लागाल तेव्हा नुसतं आरओ पुरणार नाही, त्यात थोडं जिप्सम वगैरे घालावं लागेल. तो विषय आत्ता नको. फ्रिजच्या जगमधल्या फिल्टरवर भरवसा ठेवू नका. कोळशाचा फिल्टर क्लोरामाइन काढतो, पण पाणी फार हळू जाऊ द्यावं लागतं. आमच्या जगमधलं पाणी ओटीत पिवळं झालंच.

भांड्यांसाठी ब्लीच कायमचं बंद. आधी सोडियम परकार्बोनेटवाल्या साबणाने धुवायचं, मग स्टार सॅन. लिटरला दीड मिलिलिटर, दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि धुवायचं नाही. फेस राहतो, राहू दे. हे आपल्याला जड जातं. फेस दिसला की हात आपोआप नळाकडे जातो. पण नळाखाली धुतलं की केलेलं सगळं वाया. आणि एक धोक्याचं: स्टार सॅन आम्लधर्मी आहे. घरात जुनं ब्लीच पडलेलं असेल तर दोन्ही कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगरचंही तेच.

वास तोच, कारण वेगळं

गोळी घालूनही वास येतोय म्हणणारे बरेच जण भेटले. त्यांना मी पहिला प्रश्न विचारते: कधी येतो? क्लोरोफिनॉल असेल तर आंबणं संपताना हायड्रोमीटरच्या नमुन्यातच कळतं आणि पुढे तेवढंच राहतं. पहिले तीन आठवडे बिअर छान होती, महिन्याभराने लवंगेसारखा, धुरकट, औषधी वास यायला लागला आणि वाढतच चालला, तर ते जंगली यीस्ट. त्याची दुसरी खूण म्हणजे बाटली उघडताच फेस उसळतो आणि १.०१२ वर थांबलेला आकडा १.००४ पर्यंत घसरलेला असतो. अशा बाटल्या फुटू शकतात. डोळ्यांना चष्मा, हाताला जाड टॉवेल, आधी फ्रिजमध्ये गार करून मगच झाकण उघडा. इथे पाण्याचा दोष नाही, प्लॅस्टिकचा आहे: बादलीच्या तोटीचे दोन तुकडे वेगळे करून बघा. माझ्या एका मैत्रिणीच्या तोटीच्या आट्यांमध्ये तपकिरी थर निघाला होता, खरवडून काढावा लागला. नळ्या तर सरळ नव्या घ्या, त्या स्वस्त असतात.

नुसता लवंगेचा वास, दवाखान्याचा नाही, आणि तुम्ही जर्मन गव्हाच्या बिअरचं किंवा बेल्जियन यीस्ट वापरलं असेल, तर अभिनंदन. तो यायलाच हवा. ते यीस्ट माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून तो मुद्दाम तयार करतं. एकाने या वासापायी अख्खा घाणा ओतून दिला होता, हे ऐकून मला माझ्या चार घाण्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

दुसरा प्रश्न: पातेलं कशाने भरता? अंगणातल्या बागेच्या नळीने भरत असाल तर थांबा. साध्या व्हिनाइलच्या नळीत उन्हात तापलेलं पाणी औषधी वास घेऊनच येतं आणि त्यावर गोळी चालत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून वेगळी नळी मिळते, बहुधा पांढरी किंवा निळी.

आणि तिसरा: सगळ्या बाटल्यांना येतो की काहींनाच? हा प्रश्न मला माझ्याच सातव्या घाण्याने शिकवला. पाचवा-सहावा स्वच्छ झाले होते, मी निर्धास्त होते, आणि सातव्यात एक बाटली उघडली तर तोच दवाखाना. दुसरी उघडली, ठीक. तिसरी ठीक. चौथी परत दवाखाना. पाणी किंवा बादली बिघडली असती तर अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस बिघडल्या असत्या. खराब निघालेल्या बाटल्या ओळीत लावल्यावर दिसलं की सगळ्या एकाच प्रकारच्या होत्या, जाड तपकिरी, शेजाऱ्यांनी दिलेल्या बारा. विचारलं तर त्यांनी लेबलं निघावीत म्हणून त्या दोन दिवस ब्लीचमध्ये भिजवून ठेवल्या होत्या. चांगल्या मनाने केलं होतं. मी त्या गरम पाण्याने विसळून स्टार सॅन मारून भरल्या होत्या, पण तळाच्या कडेला आणि मानेच्या आतल्या थराला काहीतरी राहिलंच असणार. आता दुसऱ्याकडून आलेली प्रत्येक बाटली मी परकार्बोनेटच्या पाण्यात रात्रभर ठेवते आणि साफ केलेल्या पाण्याने धुते, मग ती कितीही चकचकीत दिसो.

झालेल्या बिअरचं काय, असं विचारतात. काही नाही. हा वास मुरल्याने जात नाही, हॉप्स वाढवून झाकत नाही, आणि बिअरमध्ये कॅम्पडेन टाकून परत फिरत नाही, कारण क्लोरीन आता मोकळा राहिलेलाच नाही. सहा महिने ठेवून मी बघितलंय. ओता.

मात्र एखादी बाटली ठेवून द्या. चौथ्या घाण्यातल्या दोन बाटल्या माझ्या गॅरेजमध्ये अजून आहेत, झाकणावर मार्करने फुली मारलेल्या. कुणी नवं माणूस घरी येऊन 'माझ्या बिअरला काहीतरी विचित्र वास येतो, नक्की कसा ते सांगता येत नाही' म्हणालं की त्यातली थोडी पेल्यात काढून मी त्याच्या नाकाशी धरते. हाच असेल तर चेहऱ्यावर लगेच कळतं, आणि मग मी ओटीची बाटली काढते.